वाँटेज, बोस्टन आणि आपले केडगाव : पंडिता रमाबाई

शिक्रापूरहून न्हावऱ्याच्या रस्त्याने निघाले, भीमा ओलांडून पारगाव मागे टाकले, की केडगाव. आपल्यापैकी अनेकांना केडगाव माहीत आहे ते बाजारामुळे, रेल्वे स्टेशनमुळे किंवा नारायण महाराजांच्या बेटामुळे. त्याच केडगावात पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे काढली. शाळेत त्यांच्याविषयी आपण चार ओळी शिकलो : संस्कृतच्या विदुषी, विधवांसाठी शारदा सदन, पुढे मुक्ती मिशन. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा या चार ओळींच्या मधले लिहावे असे वाटले. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. ज्यांना कधी भेटलेले नाही अशा साता समुद्रापलीकडच्या माणसांबरोबर काम करणे हा माझा रोजचा व्यवहार आहे, म्हणून रमाबाईंच्या चरित्रातला त्यांचा आणि दूरदेशीच्या साहाय्यकर्त्यांचा संबंध मला फार जवळचा वाटला.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. लक्ष्मीबाईंनी ते रमेला शिकवले. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरत असे. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात या भटकंतीची वाताहत झाली. हातातले सगळे संपले, रानातला पाला खाऊन दिवस काढावे लागले, आणि थोड्याच काळात वडील, आई, थोरली बहीण अशी एकामागून एक माणसे गेली. उरली रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघे पायी देशभर फिरत 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी विशीतल्या या मुलीला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. 1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने लग्न केले. मुलगी मनोरमा एक वर्षाचीही झाली नव्हती, तोच 1882 च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले.

त्याच वर्षी त्या पुण्यात आल्या. आर्य महिला समाज काढला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले, हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी साक्ष दिली. वाँटेज हे ऑक्सफर्डजवळचे एक छोटे गाव. तिथल्या सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन मठातल्या भगिनी त्या वेळी पुण्यात काम करत होत्या. पुण्याच्या पंचहौदाचे नाव चहाच्या प्रकरणामुळे आपण ऐकलेले असते, तो याच पंथाच्या कामाचा परिसर. रमाबाईंना इंग्लंडमध्ये जाऊन वैद्यकी शिकायची होती. जाण्याचा खर्च त्यांनी स्वतःच्या पुस्तकाच्या विक्रीतून उभा केला. वाँटेजच्या मठाने राहण्याजेवण्याची सोय करायची आणि रमाबाईंनी हिंदुस्थानात येऊ घातलेल्या भगिनींना मराठी शिकवायचे, असे ठरले. म्हणजे हा पहिला करार देवाणघेवाणीचा होता. त्यात दान कोणीच कोणाला देत नव्हते.

1883 मध्ये त्या मनोरमेला घेऊन गेल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीचा मार्ग बंद झाला. बरोबर आलेल्या मैत्रिणीचा तिथे करुण अंत झाला. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी मनोरमेसह वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. त्यावर पुण्यात केवढे काहूर उठले असेल, याची कल्पना करता येईल. तिकडे वाँटेजलाही गोष्टी सुरळीत नव्हत्याच. रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात डोरोथिआ बील यांच्याकडे शिकत आणि शिकवत होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही देशी भाषा शिकवाव्यात असे सुचले, तेव्हा लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली. यामुळे हिंदुस्थानात त्यांचे वजन कमी होईल, असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंना ते पटले नाही. आपल्या देशातल्या लोकांना काय रुचेल हे आपल्याला अधिक कळते, आणि धर्म स्वीकारला म्हणजे स्वतःची बुद्धी गहाण टाकली असे होत नाही, ही त्यांची भूमिका. त्रैक्यासारख्या सिद्धांतांवर त्या प्रश्न विचारत राहिल्या. शाकाहार त्यांनी सोडला नाही. मनोरमेला काय शिकवायचे यावरूनही वाद झाले.

या वादात समोर होत्या सिस्टर जेराल्डिन, त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना पत्रांतून आजीबाई म्हणत. पत्रे कधी मायेची, कधी झणझणीत. दोघींचे अनेक बाबतींत पटले नाही, पण पत्रव्यवहार तुटला नाही, आणि जेराल्डिन यांनी ती सगळी पत्रे जपून, लावून ठेवली. 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. रमाबाई स्वतःच्या मनाने कशा विचार करत होत्या, हे आज आपल्याला कळते ते मुख्यतः त्यांच्याशी वाद घालणाऱ्या बाईंमुळे.

1886 मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेतच जवळजवळ तीन वर्षे फिरल्या. व्याख्याने दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले. डिसेंबर 1887 मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिच्यात निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांचे लोक होते. गावोगावी मंडळे निघाली. प्रत्येक सभासदाने वर्षाला एक डॉलर, असे दहा वर्षे द्यायचे. या पैशावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींतल्या गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. पुढल्या वर्षी सदन पुण्यात आले.

सदनात धर्माची सक्ती होणार नाही, मुलींना आपले आचार पाळता येतील, अशी अट होती. पण रमाबाई स्वतःच्या प्रार्थनेचे दार लावून घेत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या आणि 1893 मध्ये वादळ उठले. रानडे, भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. पालकांची भीती अगदीच निराधार होती असे म्हणता येत नाही. त्यातल्या काही मुली पुढे ख्रिस्ती झाल्याच. ज्यांनी विश्वासाने मुली ठेवल्या, त्यांचे दुःख खरे होते. आणि काढून नेलेल्या मुलींचे शिक्षण तिथेच संपले, हेही खरे होते. बोस्टनच्या मंडळाने चौकशी केली आणि रमाबाईंच्या पाठीशी राहायचे ठरवले.

दहा वर्षांची वर्गणी 1898 मध्ये संपणार, हे रमाबाई विसरल्या नव्हत्या. म्हणून त्यांनी आधीच केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. फळझाडे लावायची आणि त्यांच्या उत्पन्नावर सदन चालवायचे, असा हिशेब होता. पण बाग धरायच्या आत 1896 चा दुष्काळ आला. ज्या बाईने दुष्काळात आईवडील गमावले, ती मध्य प्रांतात गेली आणि निराधार मुली घेऊन आली. पुण्यात प्लेगचे निर्बंध, तेव्हा मुलींना केडगावच्या माळावर झोपड्यांत ठेवले. तेच मुक्ती. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आणल्या आणि संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. विहिरी खणल्या, शेती, दूधदुभते, विणकाम, तेलघाणा, छापखाना चालू झाला. अंध स्त्रियांना ब्रेल शिकवली. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. परदेशातून पैसे येत राहिले, प्रार्थनामंडळे नावे लिहून मागवत राहिली, पण मुक्ती कोणत्याही एका चर्चची झाली नाही. कारभार रमाबाईंच्या हाती राहिला.

शेवटची वर्षे त्यांनी बायबलच्या सोप्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवून ते छापले मुक्तीतल्या बायकांनी. 1921 च्या जुलैत मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. त्यांचे बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. मुक्ती आजही केडगावात आहे.

त्यांची धर्मश्रद्धा आपली असो वा नसो, मला एक गोष्ट घेण्यासारखी वाटते. लांबून येणारी मदत त्यांनी कधी नाकारली नाही, तिचा हिशेब दिला, मदत करणाऱ्यांशी माया ठेवली. पण माळावर उद्या काय करायचे, हे माळावरच ठरले. पैसा ज्याचा, शब्द त्याचा, हा नियम त्यांनी मानला नाही.

मित्रमैत्रिणींनो, आज आपल्यातले कितीतरी जण पुण्यात, मुंबईत, परदेशात आहेत. मेळाव्यात शाळेसाठी निधी जमवण्याचे बोलणे निघेलच, आणि जमेलही. माझी एवढीच विनंती, की त्यातून काय घ्यायचे ते आज तिथे शिकवणाऱ्या गुरुजनांना ठरवू द्यावे. संगणक हवेत, की मुलींसाठी धड स्वच्छतागृह, हे त्यांना माहीत आहे. आपण वर्षातून एकदा हिशेब पाहावा, पत्र लिहीत राहावे, पटले नाही तर वाद घालावा. आणि वर्गणी एका मेळाव्यापुरती न ठेवता दहा वर्षांची ठरवावी.