वालचंद हिराचंद आणि वारशाचा प्रश्न

उद्योग उभारणे जितके कठीण, तितकेच तो योग्य हाती सोपवणेही कठीण असते. वालचंद हिराचंद यांच्या चरित्राकडे पाहताना त्यांच्या कर्तृत्वाचा गौरव होतो. त्या कर्तृत्वाच्या वारशाचा विचार मात्र क्वचितच होतो.

२३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरातील एका जैन व्यापारी घराण्यात वालचंदांचा जन्म झाला. कापसाचा व्यापार आणि सावकारी हा घरचा धंदा. त्यात मन न रमल्याने लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेच्या बांधकामाची कंत्राटे घेतली. १९१९ साली ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची ‘लॉयल्टी’ ही आगबोट विकत घेऊन त्यांनी सहकाऱ्यांसह सिंदिया कंपनी स्थापन केली. या सहकाऱ्यांपैकी नरोत्तम मोरारजी हे सोलापूरची जुनी गिरणी काढणाऱ्या मोरारजी गोकुळदासांचे चिरंजीव. ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून केलेल्या कोंडीला तोंड देत सिंदिया टिकली. १९२९ साली नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर वालचंद तिचे अध्यक्ष झाले. वालचंदनगर आणि रावळगाव येथील साखर कारखाने, हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन, १९४० चा बंगळूरचा विमान कारखाना, १९४१ साली पायाभरणी झालेली विशाखापट्टणमची जहाजबांधणी गोदी आणि १९४४ ची प्रीमियर ऑटोमोबाइल्स हा सारा व्याप एका आयुष्यात मावला, हे नवलच होय.

प्रकृती खालावल्याने १९५० साली त्यांनी सिंदियाचे अध्यक्षपद सोडले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या उद्योगांना पुढे दोन वाटा फुटल्या. विमान कारखाना १९४२ सालीच सरकारच्या ताब्यात गेला होता. गोदीतही १९५२ पासून सरकार मुख्य भागीदार झाले. कुटुंबाकडील उद्योग बंधू आणि पुतण्यांच्या हाती आले. घराणे किंवा सरकार, याखेरीज तिसरा वारस असू शकतो, ही कल्पनाच त्या काळच्या आपल्या उद्योगविश्वात रुजलेली नव्हती.

इतरत्र मात्र ती रुजली होती. वालचंदांहून तीन वर्षांनी लहान असलेले लंडनचे व्यापारी जॉन स्पीडन लुईस यांनी १९२९ साली आपली वडिलोपार्जित पेढी कर्मचाऱ्यांच्या हितासाठी विश्वस्तांकडे सोपवण्यास प्रारंभ केला आणि १९५० साली ते कार्य पूर्ण केले. ती संस्था आजही चालू आहे.

याच सुमारास सोलापुरात काय घडत होते? १९४९ साली चालकांनी जुनी गिरणी बंद केली आणि हजारो कामगार उघड्यावर पडले. १९५० च्या प्रारंभी सरकारने वटहुकूम काढून कारभार हाती घेतला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि वालचंदांच्या निधनाच्याच वर्षी, डिसेंबर १९५३ मध्ये, भरपाईवाचून केलेला तो ताबा घटनाबाह्य ठरला. भागधारकाचा हक्क कायद्याला दिसला. ज्यांचे आयुष्य त्या मागांवर गेले, त्यांच्यासाठी मात्र मालकीच्या कायद्यात जागाच नव्हती.

कामगारांची मालकी हा सर्व दुखण्यांवरील रामबाण उपाय नव्हे. प्रीमियरचा कारखाना ज्या कुर्ल्यात होता, तेथेच कामानी ट्यूब्ज ही कंपनी मालक कुटुंबातील कलहात बंद पडली. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने ती कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आली आणि पुन्हा चालू लागली. परंतु पुढे नव्वदच्या दशकात तो प्रयोग अडचणीत सापडला. मोडकळीला आलेला कारखाना कर्जासह कामगारांच्या गळ्यात बांधणे म्हणजे वारसा देणे नव्हे. लुईस यांनी चालती पेढी दिली, आणि तीही स्वतः वीस वर्षे कारभार पाहत, क्रमाक्रमाने. यशापयशातील अंतर बरेचसे येथेच आहे.

सोलापूरच्या चादरी आणि टॉवेलांचे कारखाने बहुतांशी घरगुती भांडवलावर उभे आहेत. मुले शिकून पुण्या-मुंबईला वा परदेशी गेली की यंत्रमाग भंगारात आणि जागा बांधकाम व्यावसायिकाकडे, हाच मार्ग मालकाला दिसतो. वास्तविक २०१३ च्या कंपनी कायद्यात कर्मचाऱ्यांच्या हितासाठी विश्वस्तांनी समभाग धारण करण्याची, आणि त्यासाठी कंपनीने पैसा पुरवण्याची, तरतूद आहे. मालकाला नफ्यातून हप्त्याहप्त्याने मोबदला मिळावा आणि कामगाराला हिशेब वाचण्याचे शिक्षण मिळावे, अशी व्यवस्था अशक्य नाही. मात्र त्यासाठी भागीदारीतील पेढीला आधी कंपनीचे रूप द्यावे लागेल, आणि मालकाने हातपाय चालत असतानाच निर्णय घ्यावा लागेल.

वालचंदांचे नाव सोलापुरातील महाविद्यालयांना दिले गेले, हे उचितच झाले. परंतु ज्या नगराने उद्योग उभारणारा महापुरुष दिला, त्या नगराने उद्योग सोपवण्याची रीतही घालून दिली, तर ते त्यांचे अधिक सार्थ स्मारक ठरेल.