सुब्रतो मुखर्जी : स्क्वॉड्रनचे नेतृत्व करणारे पहिले भारतीय

नागऱ्याजवळचा बिरसीचा विमानतळ आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. तिथली धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधली. विमान गेलं की आपली पोरं आजही अंगणात धावतात. पण एक काळ असा होता की, लष्करी विमान चालविणे हे भारतीय माणसाचे कामच नाही, असे राज्यकर्ते धरून चालत. हा समज ज्यांनी आपल्या कामाने खोटा पाडला, त्यांत सुब्रतो मुखर्जी यांचे नाव अग्रभागी आहे.

त्यांचा जन्म ५ मार्च १९११ रोजी कलकत्ता येथे झाला. वडील सतीशचंद्र हे आय.सी.एस. अधिकारी होते. घरी शिक्षण होते, पैसा होता, मान होता. आपल्या बापजाद्यांना जे मिळाले नाही ते सारे त्यांना जन्मतः मिळाले होते, हे खरेच. तरीपण विमानदलाचे दार त्यांनाही बंदच होते. कारण एकच, ते भारतीय होते. पुढे स्कीन कमिटीने शिफारस केली आणि भारतीय तरुणांना इंग्लंडमधील क्रॅनवेलच्या विमान-विद्यालयात प्रवेश मिळू लागला. १९३० साली निवडलेल्या पहिल्या मोजक्या तरुणांत सुब्रतो होते.

८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय हवाई दलाची कायदेशीर स्थापना झाली. त्याच दिवशी हे तरुण अधिकारी झाले. म्हणून आजही ८ ऑक्टोबर हा वायुसेना दिन पाळला जातो. १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोड येथे पहिली स्क्वॉड्रन उभी राहिली. स्क्वॉड्रन म्हणजे विमानांची तुकडी. पण ह्या तुकडीजवळ विमाने किती? अवघी चार! वापिटी नावाची, दोन पंखी, वरून उघडी. पाच वैमानिक आणि मूठभर हवाई शिपाई. प्रमुख मात्र इंग्रज.

सुरुवातीची वर्षे कठीण गेली. सोबतीचे दोन जण अपघातात दगावले. एकेक विमान पडले की, ह्या लोकांना हे जमायचं नाही, असे म्हणायला लोक टपलेलेच होते. अशा वेळी जो मागे राहतो त्याला आपलेही काम करावे लागते आणि गेलेल्यांचेही. सुब्रतोंनी ते केले. वायव्य सरहद्दीवर मिरानशाहच्या डोंगराळ मुलखात ही स्क्वॉड्रन कामाला लागली. खालून बंदुकीची गोळी यायची, इंजिन बंद पडले तर उतरायला सपाट जागा नाही. विमाने चालती ठेवणारे यंत्रकामगारही आपलेच भारतीय होते, हे विसरता कामा नये.

१६ मार्च १९३९ रोजी सुब्रतो मुखर्जी ह्या स्क्वॉड्रनचे प्रमुख झाले. स्क्वॉड्रनचे नेतृत्व करणारे ते पहिले भारतीय. १९४३ मध्ये कोहाट येथील संपूर्ण विमानतळाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. हाही मान भारतीयाला पहिल्यांदाच मिळाला. ह्याच पहिल्या स्क्वॉड्रनमध्ये अस्पी इंजिनिअर आणि अर्जन सिंग काम करून तयार झाले. पुढे ते दोघेही ओळीने वायुसेनेचे प्रमुख झाले.

१९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण फाळणीत कराची, कोहाट, मिरानशाह सारे पाकिस्तानात गेले. विमाने वाटली गेली, माणसे वाटली गेली. उरलेल्यातून हवाई दल पुन्हा उभे करायचे होते. स्वातंत्र्यानंतरही पहिले तीन प्रमुख इंग्रजच होते. अखेर १ एप्रिल १९५४ ला सुब्रतो मुखर्जी पहिले भारतीय प्रमुख झाले. चार वापिटींपासून सुरुवात केलेल्या ह्या माणसाच्या कारकिर्दीत हंटर, कॅनबेरा, नॅट अशी जेट विमाने दलात आली.

महाराष्ट्राशीही त्यांचे नाते होते बरं का. त्यांच्या पत्नी शारदाबाई ह्या माहेरच्या पंडित, मराठी घराण्यातल्या. पतीच्या मागे त्या १९६२ व १९६७ साली रत्नागिरीतून लोकसभेवर निवडून आल्या आणि नंतर आंध्र प्रदेश व गुजरातच्या राज्यपाल झाल्या.

८ नोव्हेंबर १९६० रोजी जपानमध्ये टोकियो येथे जेवताना घास श्वासनलिकेत अडकला आणि ते गेले. वय अवघे एकोणपन्नास. एवढी वर्षे आभाळातले धोके पचविलेला माणूस असा जावा, ह्याची हळहळ वाटते.

शाळकरी मुलांची सुब्रतो कप फुटबॉल स्पर्धा त्यांच्याच नावाने १९६० पासून खेळली जाते. आपल्या वस्तीतल्या मुलामुलींनी ते नाव नुसते कपावर वाचू नये, त्यामागचा माणूसही ओळखावा. तुला हे जमणार नाही, असे ज्याला ज्याला कोणी म्हटले असेल, त्याने तर जरूर ओळखावा. वाद घालत न बसता सुब्रतोंनी काम शिकून घेतले, आणि मागून येणाऱ्यांसाठी दार उघडे ठेवले.

अशा ह्या कर्तबगार वैमानिकास विनम्र अभिवादन!