सरखेल कान्होजी आंग्रे

लोणावळ्याहून राजमाचीच्या किल्ल्यावर जे गेले असतील, त्यांनी त्या कड्याच्या टोकावरून खाली पसरलेले कोकण पाहिले असेल. आपल्या मावळात डोंगर आहेत, भातखाचरे आहेत, इंद्रायणी आणि पवना या नद्या आहेत; परंतु समुद्र नाही. तथापि पश्चिम किनाऱ्यावरील सागरावर ज्या पुरुषाने तीस वर्षे आपला अंमल बसविला, त्याचे आडनाव याच मावळातील एका लहानशा वाडीवरून पडलेले आहे. ती वाडी म्हणजे आंगरवाडी, आणि तो पुरुष म्हणजे सरखेल कान्होजी आंग्रे होय. त्यांचे चरित्र विद्यार्थी मित्रांस आणि त्यांच्या वडीलमाणसांस थोडक्यात सांगावे, अशा हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

या घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. कान्होजींचे वडील तुकोजी हे शिवछत्रपतींच्या आरमारात सुवर्णदुर्गावर चाकरीस होते. कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा मानतात. त्यांचे बालपण कोकणकिनाऱ्यावर कोळी, भंडारी अशा दर्यावर्दी लोकांच्या सहवासात गेले. भरतीओहोटीची वेळ, वाऱ्याची दिशा, बुडालेल्या खडकांच्या जागा, हे सारे त्यांनी पाण्यावरच शिकून घेतले. सुवर्णदुर्गाचा किल्लेदार फितूर झाला असता तरुण कान्होजींनी किल्ला राखला, अशी परंपरागत कथा आहे. पुढे सिधोजी गुजर यांच्या मृत्यूनंतर १६९८ मध्ये मराठ्यांच्या आरमाराची धुरा त्यांजकडे आली आणि सरखेल हा किताब त्यांस मिळाला.

तो काळ मोठा बिकट होता. जंजिऱ्यास सिद्दी, मुंबईस इंग्रज, गोवा, चौल व वसई येथे पोर्तुगीज, अशा प्रबळ सत्ता किनाऱ्यावर ठाण मांडून होत्या. त्यांची जहाजे मोठी, तोफा जड आणि खजिना भरलेला. अशा शत्रूंपुढे त्यांच्याइतकीच मोठी जहाजे बांधू लागणे कान्होजींच्या आवाक्यातले नव्हते. म्हणून आपल्या खाड्यांस, आपल्या वाऱ्यास आणि आपल्या खलाशांस मानवेल अशा गलबतांवरच त्यांनी भर दिला. त्यांच्या यशाचे मर्म येथे असल्यामुळे त्या गलबतांची रचना आम्ही थोडी विस्ताराने सांगतो.

आंग्र्यांच्या आरमारात मुख्यतः दोन प्रकारची जहाजे असत. पहिला प्रकार गुराब. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांपर्यंत आणि तीन डोलकाठ्यांची सुमारे ३०० टनांची असे. लांबीच्या मानाने ती बरीच रुंद असल्यामुळे सहजासहजी कलंडत नसे, आणि तिचे बूड उथळ असल्यामुळे खाडीच्या थोड्या पाण्यातही ती तरंगे. मध्यापासून पुढे ती निमुळती होत जाऊन तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, चोचीसारखी बाहेर आलेली असे. या आकाराचा एक दोषही होता. समोरून लाटा आल्या म्हणजे गुराबेचे तोंड जोराने वरखाली आपटे व नाळेवर पाणी चढे. ते पाणी तेथेच साठले तर पुढचा भार वाढून जहाज तोंडावर दबणार, हे उघड आहे. म्हणून बांधणारांनी नाळेवरील फळ्यांस कठडाच ठेविला नाही. लाट वर येई आणि अडथळा न होता दोन्ही बाजूंनी वाहून जाई. दोष नाहीसा करता येत नसेल, तर त्याचा अपाय होऊ नये अशी तजवीज करणे, ही शहाण्या कारागिराची रीत होय.

दुसरा प्रकार गलबत. हे गुराबेच्याच घाटाचे परंतु लहान. मोठ्यात मोठे गलबतही सहसा ७० टनांहून अधिक नसे. त्यावर फार मोठे त्रिकोणी शीड असे. उंच शिडाने वेग येतो खरा, पण वारा अंगावर आला की तेच शीड नावेस एका कुशीवर लोटते. म्हणून वरचा भार जितका कमी तितका बरा. पुष्कळ गलबतांवर लाकडी तक्तपोशीऐवजी चिरलेल्या बांबूंची हलकी तक्तपोशी घालीत, त्याचे कारण हेच. नावेचे वजन खाली असले म्हणजे ती कलली तरी पुन्हा सरळ होते. वजन वर चढले की लहानशी लाटही तिला पालथी करू शकते. तळाशी दगडांचे नीरम भरण्याची आपल्या नावाड्यांची जुनी वहिवाट याच नियमावर आधारलेली आहे.

गलबतास चाळीसपन्नास वल्ही असत, आणि त्यांचे महत्त्व फार मोठे होते. सुकाण्यावरून पाणी वाहत असेल तरच सुकाणू काम देते. वारा पडला की शिडाचे जहाज जागीच थांबते आणि मग सुकाणू कितीही फिरविले तरी ते वळत नाही. मोठी परदेशी जहाजे अशी निश्चल पडली म्हणजे गलबते वल्ह्यांच्या जोरावर गुराबांस ओढून त्यांच्या पिछाडीस नेत. मोठ्या जहाजाच्या बहुतेक तोफा दोन्ही कुशींस असल्यामुळे पिछाडीकडून येणाऱ्यावर त्यांचा मारा फारसा चालत नसे. गुराबेच्या नाळेमागे मात्र समोर तोंड केलेल्या दोन तोफा ठेविलेल्या असत. त्या शत्रूच्या डोलकाठ्या व दोर तोडीत, आणि शत्रू पंगू झाला म्हणजे गलबतांतील शिपाई चहूंकडून त्यावर चढत.

विसाव्या शतकात न्यूझीलंडमधील विल्यम हॅमिल्टन यांनी उथळ नद्यांसाठी पाण्याच्या झोतावर चालणारी नाव सिद्ध केली. तिच्या बुडाखाली पंखा नसतो. यंत्र खालून पाणी ओढून मागे जोराने फेकते आणि तो झोत ज्या बाजूस वळवावा त्याप्रमाणे नाव वळते. नवखा चालक समोर खडक दिसताच घाबरून यंत्राचा जोर एकदम काढून घेतो. झोत थांबतो, आणि नाव वळण्याऐवजी सरळ खडकावर जाते. वजन फार मागे पडले तर तिचे तोंड उसळ्या मारते, फार पुढे गेले तर ते पाण्यात घुसते. साधने बदलली, परंतु कान्होजींचे तांडेल जे नियम पाळीत तेच नियम आजही पाळावे लागतात.

आता आपण पुन्हा मावळात येऊ. १७०७ मध्ये औरंगजेब मृत्यू पावला, शाहू महाराज सुटून आले आणि मराठी राज्यात दोन पक्ष पडले. कान्होजी ताराबाईंच्या पक्षास होते. १७१३ मध्ये शाहूंनी आपले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांस त्यांजवर पाठविले. कान्होजींनी बहिरोपंतांस कैद केले, लोहगड व राजमाची हे किल्ले घेतले, आणि आता ते साताऱ्यावर चालून जाणार अशी धास्ती पडली. अशा वेळी शाहूंनी बाळाजी विश्वनाथ यांस पेशवेपद देऊन रवाना केले. बाळाजीही मूळचे कोकणातील श्रीवर्धनचे. सिद्दीच्या जाचामुळे त्यांस गाव सोडावे लागले होते. युद्ध झाले असते तर कोण जिंकला असता हे सांगता येत नाही. पण जंजिरा, मुंबई व गोवा येथे आनंद झाला असता, यात संशय नाही.

१७१४ च्या आरंभी लोणावळ्यास या दोघांची भेट होऊन तह ठरला. कान्होजींनी शाहूंचे स्वामित्व मान्य केले, बहिरोपंतांस सोडले आणि राजमाची ठेवून बाकीचा जिंकलेला मुलूख परत दिला. त्यांस दहा किल्ले व सोळा लहान ठाणी मिळाली आणि सरखेलपद कायम झाले. विजयी मनुष्यास मागे वळणे फार कठीण जाते. वेग असता असता दिशा बदलण्याचे जे कसब कान्होजींनी दर्यावर संपादिले होते, तेच त्यांनी येथे दाखविले, असे आम्हास वाटते. ही भेट आपल्या गावी झाली, हे येथील मुलांनी विसरू नये.

या तहाचे फळ लौकरच दिसून आले. कान्होजींचा परवाना न घेता जाणारी जहाजे ते पकडीत. इंग्रज त्यास चाचेगिरी म्हणत, तर कान्होजी तो आपल्या सत्तेचा हक्क समजत. १७१७ मध्ये विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर इंग्रजांनी केलेले हल्ले फसले. १७२० मध्ये त्यांनी ‘फ्राम’ नावाचा सपाट बुडाचा एक तरता बुरूज मुद्दाम बांधवून विजयदुर्गावर नेला. त्यावर प्रचंड तोफा होत्या; परंतु त्यांची तोंडे पुरेशी वर उचलता येईनात आणि गोळे जवळच पाण्यात पडू लागले. बळ पुष्कळ होते, पण ते योग्य ठिकाणी लावता येत नव्हते. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले, तेव्हा शाहूंची फौज कान्होजींच्या मदतीस धावली आणि तोही बेत ढासळला. लोणावळ्याचा तह झाला नसता तर ही मदत कोठून येती? १७२४ मध्ये डच आरमारही विजयदुर्गाहून हात हलवीत परतले.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे देहावसान झाले. अलिबाग येथे त्यांची समाधी आहे. त्यांच्यामागे पुत्रांत कलह माजला, आणि तुळाजी आंग्रे यांचे पेशव्यांशी वैर वाढले. १७५६ च्या फेब्रुवारीत पेशव्यांच्या संमतीने इंग्रज आरमार विजयदुर्गावर आले. तोफेच्या एका गोळ्याने एक जहाज पेटले, ते जवळजवळ बांधलेल्या इतर जहाजांस भिडले, आणि पाहता पाहता आंग्र्यांचे आरमार खाडीतच जळून गेले. ज्या गुराबांस भर समुद्रात कोणी गाठू शकत नसे, त्या घरच्या भांडणापायी दावणीस बांधलेल्या स्थितीत नष्ट झाल्या!

मुंबई येथील नौदलाच्या तळास आज आंग्रे यांचे नाव आहे, आणि लोणावळ्यास १९४५ मध्ये स्थापन झालेल्या ‘शिवाजी’ या नौदलाच्या संस्थेत जहाजांच्या यंत्रविद्येचे शिक्षण दिले जाते. समुद्रापासून दूर असलेल्या या डोंगरात तरुण मुले जहाज चालविण्याची विद्या शिकत असतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी पुढे त्या वाटेस जाईल, कोणी शेती करील, कोणी कचेरीत बसेल. जो जेथे जाईल तेथे त्याने आपला भार खाली व समतोल ठेवावा, संकट दिसताच हातची वल्ही टाकू नयेत, आणि वळण्याची वेळ आली असता अभिमानाने अडून बसू नये. मावळच्या या सुपुत्राचे स्मरण आपल्या हातून एवढे झाले, तरी ते व्यर्थ जाणार नाही.