सिमोन वेल: अन्न नाकारणारी लेखिका

फ्रेंच विचारवंत सिमोन वेल २४ ऑगस्ट १९४३ रोजी इंग्लंडमधील ॲशफर्ड येथील सॅनेटोरियममध्ये वारल्या. वय अवघे ३४. मृत्यूच्या चौकशीत कारण नोंदले गेले ते उपासमार आणि क्षय यांमुळे हृदय बंद पडल्याचे.

जन्म १९०९ मध्ये पॅरिसचा, वडील डॉक्टर. पहिल्या महायुद्धात सैनिकांना साखर मिळत नाही म्हणून छोट्या सिमोनने साखर सोडली होती. हात लहान आणि अवघडलेले, त्यामुळे शाळेत लिहिताना त्या मागे पडत. तरुणपणी मात्र त्यांनी आपले गबाळे अक्षर प्रयत्नपूर्वक बदलले आणि एकेक अक्षर घोटून काढू लागल्या. बोलणे संथ, एकसुरी, पण मुद्दा न सोडणारे. पुढे त्या संस्कृत शिकल्या. त्यांच्या वह्यांत देवनागरी लिपीही दिसते.

अक्षरातल्या अशा बदलात आजाराची खूण शोधण्याचा मोह होतो. दीर्घ उपासमारीत स्नायू अशक्त होतात, हालचाली मंदावतात, त्याचा परिणाम लिहिण्यावर होऊ शकतो. वारंवार उलट्या काढणाऱ्यांचा आवाज आम्लामुळे घोगरा होतो. पण नुसत्या अक्षरावरून निदान करता येत नाही. वेल यांना ॲनोरेक्सिया होता की ते व्रत होते, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. शरीराला हा फरक कळत नाही, एवढे खरे.

१९४२ च्या अखेरीस त्या लंडनला आल्या. फ्रान्सच्या मुक्तीसाठी काम करताना रात्र रात्र लिहीत बसत. जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये लोक उपाशी आहेत, मग आपण पोटभर का खावे, हा त्यांचा हट्ट. १५ एप्रिल १९४३ रोजी त्या खोलीत बेशुद्ध सापडल्या. मिडलसेक्स रुग्णालयात क्षयाचे निदान झाले. क्षयावर परिणामकारक औषध तेव्हा उपलब्ध नव्हते. विश्रांती आणि सकस आहार हाच उपचार. त्यांनी नेमका तोच नाकारला.

या चार महिन्यांत न्यूयॉर्कला आईवडिलांना पत्रे जात राहिली. त्यांत लंडनच्या गमतीजमती असत, आजाराचा उल्लेख नसे. पत्ताही जुन्याच खोलीचा. मुलगी रुग्णालयात होती हे डॉक्टर वडिलांना कळले ते तिच्या मृत्यूनंतरच.