पांडुरंग खानखोजे : काळ्या यादीत अडकलेला कृषिशास्त्रज्ञ

ज्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी घरदार सोडले, त्याच स्वतंत्र देशात परतण्यासाठी परवानगीची वाट पाहण्याची वेळ काही क्रांतिकारकांवर आली. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे त्यांपैकी एक ठळक नाव. वर्ध्यात १८८४ मध्ये जन्मलेल्या खानखोजे यांनी अर्धे जग पालथे घातले. मात्र त्यांचा मार्ग त्यांच्या इच्छेइतकाच निरनिराळ्या देशांच्या प्रवेशविषयक कायद्यांनी ठरविला.

लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारावलेल्या या तरुणाने लष्करी शिक्षण मिळविण्याच्या ध्यासाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देश सोडला आणि जपानमार्गे सॅन फ्रान्सिस्को गाठले. त्या काळी अमेरिकेच्या बंदरावर उतरणाऱ्या प्रवाशाला आजच्यासारखा व्हिसा लागत नसे. चौकशी आणि वैद्यकीय तपासणी पार पडली की प्रवेश मिळे. खानखोजे यांनी कॅलिफोर्नियात लष्करी शिक्षण घेतले आणि ऑरेगन व वॉशिंग्टन राज्यांतील महाविद्यालयांत शेतीशास्त्राचा अभ्यास केला.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लाकूड गिरण्यांत आणि शेतांत त्या वेळी हजारो भारतीय मजूर राबत होते. नरसीच्या संत नामदेवांनी ज्या पंजाबात दीर्घकाळ वास्तव्य केले, त्याच पंजाबातील हे शेतकरी. त्यांच्या स्वस्त श्रमामुळे आपली मजुरी घटते, अशी स्थानिक कामगारांची तक्रार होती. आशियाई लोकांना प्रवेशबंदी करावी, या मागणीसाठी सॅन फ्रान्सिस्कोत १९०५ मध्ये संघटना उभी राहिली. सप्टेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम येथे जमावाने भारतीय गिरणी कामगारांना गावातून हुसकावून लावले. गोऱ्या मतदारांच्या रोषाची दखल सरकारांनी घेतली. ज्यांना मताधिकार नव्हता त्या मजुरांचे गाऱ्हाणे कोणी ऐकले नाही.

शेजारच्या कॅनडाने १९०८ मध्ये, मायदेशातून न थांबता थेट प्रवास करून येणाऱ्यांनाच प्रवेश देण्याचा नियम केला. भारतीयांचे नाव न घेता भारतीयांना रोखण्याची ही युक्ती होती. त्याच नियमाच्या आधारे १९१४ मध्ये कोमागाता मारू या जहाजावरील ३७६ प्रवाशांपैकी बहुतेकांना व्हँकुव्हरच्या बंदरातून परत पाठविण्यात आले. या अपमानातूनच अनेक मजूर राजकारणाकडे वळले. पारतंत्र्यातील माणसाला परदेशातही कोणी वाली नसतो, हे त्यांना उमगले. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गदर चळवळीच्या उभारणीत लाला हरदयाळ, सोहनसिंग भकना यांच्याबरोबर खानखोजे यांचाही वाटा होता.

पहिले महायुद्ध पेटताच सशस्त्र उठावासाठी गदरचे कार्यकर्ते भारताकडे निघाले. त्यांना अडविण्यासाठी ब्रिटिश सरकारने सप्टेंबर १९१४ मध्ये वटहुकूम काढून देशात येणाऱ्यांना स्थानबद्ध करण्याचे अधिकार घेतले. खानखोजे तुर्कस्तानमार्गे इराणात पोहोचले आणि तेथे ब्रिटिश फौजांविरुद्ध लढले. पराभवानंतर भारताची वाट बंद झाली. १९२० मध्ये भारतात प्रवेशासाठी पासपोर्ट अनिवार्य करणारा कायदा आला आणि ही वाट अधिकच अवघड झाली.

इकडे अमेरिकेचे दारही मिटत होते. १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातील लोकांना तेथे स्थलांतर करण्यास मनाई झाली. भारतीय हे गोरे नाहीत, म्हणून नागरिकत्वास अपात्र आहेत, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या प्रकरणात दिला.

जर्मनी आणि रशियात काही काळ काढून खानखोजे १९२४ मध्ये मेक्सिकोत आले. क्रांतीनंतर जमीन फेरवाटप करणाऱ्या त्या देशाला शेतीतज्ज्ञांची निकड होती. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांनी अध्यापन केले, मका आणि गव्हाच्या सुधारित वाणांवर संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा उभारल्या. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा आणि छायाचित्रकार तिना मोदोत्ती यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. १९३६ मध्ये बेल्जियन वंशाच्या जीन सिंदिक यांच्याशी ते विवाहबद्ध झाले.

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला, तरी ब्रिटिशांच्या काळ्या यादीतील खानखोजे यांचे नाव तसेच राहिले. राज्यकर्ते बदलले, पण दप्तर तेच होते. परिणामी मायदेशी येण्यासाठी त्यांनी मागितलेला व्हिसा प्रारंभी नाकारण्यात आला. पुढे हा निर्णय फिरविला गेला आणि अखेर ते परतले. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी नागपुरात काढली. तेथेच १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले.

सप्टेंबर २०२२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते चापिंगो येथे खानखोजे यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. १९२० चा तो पासपोर्ट कायदा मात्र स्वतंत्र भारताच्या कायदेपुस्तकातही टिकून राहिला. २०२५ च्या नव्या कायद्याने तो रद्द झाला. मजुरांच्या मतांवर डोळा ठेवून केलेला नियम असो की युद्धाच्या भीतीने केलेली यादी, कारण संपल्यावरही ती आपसूक पुसली जात नाही. ती वेळीच तपासली नाही, तर तिची किंमत माणसांना आयुष्याच्या वर्षांनी मोजावी लागते. खानखोजे यांची उमेदीची वर्षे मेक्सिकोच्या शेतीला लाभली. विदर्भाच्या वाट्याला त्यांचा उतारकाळ तेवढा आला.