अग्निबाणाचा ध्यास

दिवाळीच्या रात्री वाशीम जिल्ह्यातील धनजसारख्या गावी एखादा मुलगा रिकाम्या बाटलीत बाण उभा करतो, त्याच्या वातीला उदबत्ती लावतो आणि चार पावले मागे सरतो. वात सरसरत जाते, बाण सुसाट वर उठतो, घरांच्या छपरांवरून जाऊन काळोखात फुटतो. खाली पडलेली काडी शोधावयास मुले धावतात. बाण वर का गेला, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. अमेरिकेतील एका मुलाला या प्रश्नाने असे पछाडले की, त्याच्यापायी त्याने आपले सारे आयुष्य वेचले. त्याचे नाव रॉबर्ट हचिंग्ज गॉडर्ड.

रॉबर्टचा जन्म ५ ऑक्टोबर १८८२ रोजी मॅसॅच्युसेट्स प्रांतातील वूस्टर या गावी झाला. मुलगा प्रकृतीने अगदी नाजूक होता. आज ताप, उद्या खोकला, अशा दुखण्यांमुळे त्याची शाळा वरचेवर बुडे. पुढे तो आपल्या बरोबरीच्या मुलांच्या दोन वर्षे मागे पडला. पण अंथरुणावर पडल्या पडल्या तो पुस्तकांचा फडशा पाडी. मंगळावरील प्राणी पृथ्वीवर चाल करून येतात, अशी एच. जी. वेल्स यांची एक कादंबरी त्याच्या वाचनात आली आणि मंगळ त्याच्या मनात घर करून बसला.

१९ ऑक्टोबर १८९९ चा दिवस. सतरा वर्षांचा रॉबर्ट घरामागील चेरीच्या झाडावर वाळक्या फांद्या छाटावयास चढला होता. खाली शेत पसरलेले होते आणि वर शरद ऋतूतील स्वच्छ आकाश. मंगळापर्यंत पोहोचेल असे एखादे यंत्र करता आले तर, असा विचार त्याच्या मनात आला. समोरच्या कुरणातून ते यंत्र गरगरत वर जात आहे, असे त्याला दिसूही लागले. झाडावरून तो उतरला तेव्हा आपल्याला आयुष्यात काय करावयाचे आहे, हे त्याला कळून चुकले होते. पुढे दर वर्षी तो हा दिवस आपल्या रोजनिशीत सणासारखा नोंदवीत असे.

स्वप्ने पुष्कळांना पडतात. पण रॉबर्ट गणिताच्या मागे लागला. गणित आल्यावाचून यंत्र उडणार नाही, हे त्याने ओळखले होते. वूस्टरच्या तांत्रिक महाविद्यालयात शिकत असताना, १९०७ साली, त्याने पदार्थविज्ञानाच्या इमारतीच्या तळघरात दारूचा एक अग्निबाण पेटविला. सारी इमारत धुराने कोंदून गेली. असा खटाटोप करणाऱ्या विद्यार्थ्याला दुसरीकडे कदाचित घरचा रस्ता दाखविला गेला असता. येथील प्राध्यापकांनी मात्र त्याच्या प्रयोगाविषयी कुतूहल दाखविले.

त्या तळघरात काय जळत होते, हे समजून घेतले पाहिजे. पेटत्या पणतीवर पेला पालथा घातला की ती थोड्या वेळाने विझते, कारण जळण्यास प्राणवायू लागतो. आपली चूल हवेतला प्राणवायू घेते. बाण तसे करीत नाही. त्याच्या दारूत कोळसा आणि गंधक हे जळणारे पदार्थ असतात, आणि त्यांना लागणारा प्राणवायू शोऱ्यातून मिळतो. म्हणजे बाण आपली शिदोरी बरोबर घेऊनच निघतो. दारू पेटताच पुष्कळ तप्त वायू तयार होतो आणि नळीच्या खालच्या तोंडातून वेगाने बाहेर पडतो. वायू खाली धावतो, म्हणून नळी वर ढकलली जाते. फुगविलेल्या फुग्याचे तोंड सोडून दिले की तो खोलीभर सैरावैरा धावतो, त्याचेही कारण हेच. न्यूटनने क्रिया आणि प्रतिक्रिया यांचा जो नियम सांगितला, तो येथे डोळ्यांना दिसतो.

ही विद्या आपल्या देशाला अपरिचित नव्हती. अठराव्या शतकात हैदरअली आणि टिपू सुलतान यांच्या सैन्याने लोखंडी नळीचे अग्निबाण इंग्रजांवर सोडले होते. इंग्रजांनी ते विलायतेस नेऊन त्यांचा अभ्यास केला. परंतु बाणातील शक्तीपैकी किती शक्ती कामी येते आणि किती वाया जाते, याचे नीट मोजमाप गॉडर्ड यांनी केले. नेहमीच्या अग्निबाणात शंभरातील दोनच भाग कामी येतात, असे त्यांना आढळले. तेव्हा त्यांनी बाणाचे तोंडच बदलले. द लाव्हाल या स्वीडिश अभियंत्याने वाफेच्या यंत्रासाठी आधी निमुळती होणारी आणि मग पुन्हा रुंदावणारी तोटी तयार केली होती. (दुधातून साय वेगळी काढणारे यंत्र करणारा तो हाच.) तशी तोटी बसविताच कामी येणारी शक्ती साठ भागांच्याही वर गेली.

या मोजमापाच्या आधी मोठे संकट येऊन गेले होते. १९१३ साली गॉडर्ड यांना क्षयरोग झाला. त्या काळी क्षयावर रामबाण औषध नव्हते आणि डॉक्टरांना फारशी आशा वाटत नव्हती. आजारपणात ते अंथरुणावरच आकडेमोड करीत राहिले. ते बरे झाले, आणि जुलै १९१४ मध्ये त्यांना दोन पेटंटे मिळाली. एक टप्प्याटप्प्याने पेटणाऱ्या अग्निबाणाचे होते, दुसऱ्यात द्रवरूप इंधनाची कल्पना होती. आज अवकाशात जाणारा मोठा अग्निबाण याच दोन कल्पनांवर उभा असतो.

निर्वात जागेत अग्निबाण चालेल काय, हा प्रश्न राहिला होता. गॉडर्ड यांनी एका नळीतील हवा काढून टाकून आत दारू पेटविली. जोर कमी तर झाला नाहीच, उलट वाढला. हे सारे प्रयोग आणि गणिते त्यांनी एका ग्रंथिकेत मांडली. स्मिथसोनियन या संस्थेने ती प्रसिद्ध केली. तिच्या शेवटी, अग्निबाण चंद्रापर्यंतही पोहोचू शकेल, असे त्यांनी लिहिले होते. झाले! वर्तमानपत्रांना हसावयास विषय मिळाला. १३ जानेवारी १९२० च्या अंकात न्यूयॉर्क टाइम्सने त्यांची खिल्ली उडविली. रेटा देण्यास जेथे हवा नाही तेथे अग्निबाण कसा चालेल, शाळेतील मुलांना ठाऊक असलेली गोष्ट या प्राध्यापकाला ठाऊक नाही, असा त्या लेखाचा सूर होता. चूक लेख लिहिणाऱ्याचीच होती, कारण अग्निबाणाला हवेवर रेटा द्यावाच लागत नाही. पण हसणाऱ्यांना ते कोणी सांगावे? गॉडर्ड यांच्या मनाला ही गोष्ट फार लागली.

दारूपेक्षा द्रवरूप इंधन अधिक जोरकस, आणि त्याची धार कमीअधिक करता येते, म्हणून त्यांनी पेट्रोल आणि द्रवरूप प्राणवायू यांची जोडी निवडली. प्राणवायू द्रवरूप ठेवावयाचा तर तो शून्याखाली १८३ अंशांइतका थंड हवा. आणि हातभर अंतरावर धातू वितळविणारी आग! या दोहोंना एका सांगाड्यात नांदविण्यात कित्येक वर्षे गेली.

१६ मार्च १९२६ रोजी ऑबर्न गावी, एफी नावाच्या आपल्या नातेवाईक बाईंच्या शेतात, त्यांनी अग्निबाण उभा केला. जमिनीवर बर्फ होते. अग्निबाण दहा फूट उंचीचा, नळ्यांच्या सांगाड्यासारखा दिसणारा होता. इंजिन वर आणि टाक्या खाली. दोघे सहायक आणि पत्नी एस्थर एवढेच लोक हजर होते. एका सहायकाने लांब काठीला बांधलेल्या दिव्याने इंजिन पेटविले. ते गरजले, पण अग्निबाण जागचा हलेना. एस्थरबाई चित्रफीत घेत होत्या. त्यांच्या कॅमेऱ्यातील फीत अवघ्या सात सेकंदांची, ती तेवढ्यात संपून गेली. मग अग्निबाण उठला. ४१ फूट वर गेला, १८४ फुटांवर कोबीच्या वाफ्यात आदळला. सारा खेळ अडीच सेकंदांचा! द्रवरूप इंधनाचा जगातील तो पहिला अग्निबाण होता, आणि जगाला त्याचा पत्ताही नव्हता.

१९२९ मध्ये सोडलेल्या अग्निबाणाच्या आवाजाने पोलीस धावत आले आणि त्या प्रांतात असे प्रयोग करण्यास बंदी झाली. विमानवीर चार्ल्स लिंडबर्ग यांच्या खटपटीने गुगेनहाइम कुटुंबाकडून पैसे मिळाले, आणि गॉडर्ड न्यू मेक्सिकोतील रोझवेलच्या उजाड माळावर गेले. तेथे त्यांचे अग्निबाण दीड मैलांहून उंच गेले. मात्र हसे झाल्यापासून ते आपले काम झाकून ठेवू लागले होते. दुसऱ्यांची मदत घेणे त्यांना रुचत नसे. हा त्यांच्या स्वभावातील दोषच म्हटला पाहिजे. जर्मनीत मोठ्या मंडळाने जे काम झपाट्याने केले, ते येथे मूठभर माणसे करीत राहिली. १९३८ च्या वादळात वूस्टरचे ते चेरीचे झाड उन्मळून पडले. आता एकट्यानेच पुढे जावयाचे आहे, अशा अर्थाची नोंद त्यांनी रोजनिशीत केली. १० ऑगस्ट १९४५ रोजी घशाच्या कर्करोगाने त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावावर २१४ पेटंटे आहेत. त्यांपैकी १३१ एस्थरबाईंनी त्यांच्या मागे मिळविली.

१९५७ साली रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह सोडला, तेव्हा अमेरिकेतील मुलांना अग्निबाणाचे वेड लागले. कित्येकांनी घरीच इंधन मिसळावयाचा उद्योग केला आणि काहींनी बोटे, डोळे गमावले. नेब्रास्कातील ऑर्व्हिल कार्लाइल या जोड्यांच्या दुकानदाराने यावर उपाय आधीच योजिला होता : कागदाची नळी, हलक्या लाकडाचे पंख, खाली उतरावयास छोटी छत्री आणि कारखान्यात तयार झालेले सीलबंद इंजिन. मुलाने अग्निबाण बांधावा, इंधनाला हात लावू नये, हा या छंदाचा पहिला नियम झाला. इंधन पेटविण्यासाठी लांब तार आणि विजेची कळ असते.

आपल्या देशात केरळातील थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिला अग्निबाण गेला. तेथील एका चर्चच्या इमारतीत संशोधकांची कचेरी होती आणि अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेले जात. पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर १९६७ साली तेथे आले आणि अग्निबाणाचे घनरूप इंधन देशातच तयार करण्याच्या कामाला लागले.

१६ जुलै १९६९ रोजी तीन माणसांना घेऊन सॅटर्न अग्निबाण चंद्राकडे निघाला. त्याच्या पहिल्या टप्प्यात केरोसीन आणि द्रवरूप प्राणवायू जळत होता. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्क टाइम्सने एक लहानसा मजकूर छापला. अग्निबाण निर्वात जागेतही चालतो हे आता निश्चित झाले आहे आणि एकोणपन्नास वर्षांपूर्वीच्या चुकीबद्दल आपण दिलगीर आहोत, असे त्यात म्हटले होते. गॉडर्ड यांना जाऊन तेव्हा चोवीस वर्षे होत आली होती. तो मजकूर छापला गेला तेव्हा एस्थरबाई हयात होत्या.