प्लॅटिनमच्या रेणूचे कोडे उलगडणारे आल्फ्रेड वेर्नर

कर्करोगाच्या उपचारात जगभर वापरले जाणारे सिसप्लॅटिन हे संयुग प्रथम 1844 मध्ये इटालियन रसायनशास्त्रज्ञ मिकेले पेयरोने यांनी तयार केले. त्याची रचना मात्र जवळपास अर्धशतक कोणालाच उमगली नव्हती. ते कोडे सोडवणारे आल्फ्रेड वेर्नर तेव्हा अवघे 26 वर्षांचे होते.

वेर्नर यांचा जन्म 12 डिसेंबर 1866 रोजी अल्सास प्रांतातील म्यूलूझ येथे झाला. त्यांचे वडील लोखंडाच्या कारखान्यात काम करीत. आल्फ्रेड पाच वर्षांचे होण्यापूर्वीच हा प्रांत फ्रान्सकडून जर्मनीकडे गेला. घरातली भाषा मात्र फ्रेंचच राहिली. पुढे झुरिच येथे शिक्षण घेऊन त्यांनी 1890 मध्ये डॉक्टरेट मिळवली.

त्या काळी प्लॅटिनम, क्लोरीन आणि अमोनिया यांची दोन संयुगे रसायनशास्त्रज्ञांना बुचकळ्यात टाकत होती. दोन्हींमध्ये घटक तेच आणि प्रमाणही तेच. तरीही गुणधर्म वेगळे. कोपनहेगनचे ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञ योर्गेन्सन अशा संयुगांत अमोनियाच्या रेणूंची साखळी असते, असे मानत. वेर्नर यांनी 1893 मध्ये निराळा विचार मांडला. धातूचा अणू केंद्रस्थानी असतो आणि इतर घटक त्याच्याभोवती ठरावीक जागा घेतात. प्लॅटिनमच्या बाबतीत या जागा म्हणजे चौरसाचे चार कोपरे. क्लोरीनचे दोन अणू शेजारच्या कोपऱ्यांवर बसले तर एक संयुग, समोरासमोर बसले तर दुसरे.

हाती प्रायोगिक पुरावा थोडा असल्याने या सिद्धांतावर टीका झाली. पुढील जवळपास दोन दशके वेर्नर आणि त्यांचे विद्यार्थी झुरिच विद्यापीठात नवनवी संयुगे तयार करीत राहिले. सिद्धांतानुसार असायलाच हवे, असे कोबाल्टचे एक संयुग त्यांनी 1907 मध्ये मिळवले आणि योर्गेन्सन यांनी मोकळेपणाने आपला विरोध मागे घेतला. 1913 मध्ये वेर्नर यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारे ते स्वित्झर्लंडचे पहिले रसायनशास्त्रज्ञ होत. त्यानंतर लवकरच त्यांची प्रकृती ढासळली आणि 15 नोव्हेंबर 1919 रोजी, वयाच्या 52 व्या वर्षी, झुरिच येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या शोधाचे वैद्यकातील मोल त्यानंतर अनेक दशकांनी कळले. अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग विद्युतप्रवाहाचा जिवाणूंवरील परिणाम तपासत होते. प्लॅटिनमच्या विद्युताग्रांमुळे जिवाणूंचे विभाजन थांबल्याचे त्यांनी 1965 मध्ये जाहीर केले. पुढे हा गुण पेयरोने यांच्या संयुगात आढळला आणि 1978 मध्ये अमेरिकेने त्याला औषध म्हणून मान्यता दिली. पेशीत शिरल्यावर या संयुगातील क्लोरीनचे अणू निसटतात. मोकळ्या झालेल्या शेजारच्या दोन जागांनी प्लॅटिनम डीएनएमधील लगतच्या दोन घटकांना पकडते. डीएनए वाकतो, त्याची प्रत निघणे अडते आणि पेशी मरते. समोरासमोर क्लोरीन असलेल्या जुळ्या संयुगाला अशी पकड घेता येत नाही. म्हणून त्याचे औषध झाले नाही.

सिसप्लॅटिनमुळे मूत्रपिंड आणि श्रवणशक्तीला इजा होऊ शकते, म्हणून ते जपून द्यावे लागते. तरीही वृषणाच्या कर्करोगाचे बहुसंख्य रुग्ण आज बरे होतात, त्यात या औषधाचा वाटा मोठा आहे. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतही त्याचा समावेश आहे.